सतरा उसनी मुलं

एका गावातल्या शाळेत एक भोळा शिपाई होता. महिपती त्याचं नाव. भोळा म्हणजे इतका, की सांगितलेलं काम तो खरोखरच करायचा. त्याच्या शाळेत असा माणूस फार धोक्याचा.

शाळेला ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वसतिगृह होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं इथे राहायची. यादीत चाळीस, हजर तेवीस. बाकीची सतरा मुख्याध्यापक टेकाळे सरांनी घरबसल्या जन्माला घातली होती. खरी तेवीस थंडीत पोत्यांवर कुडकुडायची. तपासणी नीट पार पडली तर सरकारकडून चाळीस ब्लँकेटं येणार होती.

सर म्हणाले, "महिपती, उद्या तालुक्याचे साहेब येतायत. काही विचारलं की 'हो साहेब' म्हणायचं."

"हो सर."

साहेब आले. "मुलं पोत्यावर झोपतात?"

"हो साहेब."

"छप्पर गळतं?"

"हो साहेब."

"मग तुमचे मुख्याध्यापक काय झोपा काढतात?"

"हो साहेब."

साहेबांनी वाईट शेरा लिहिला. ब्लँकेटं अडली.

सर कडाडले, "अरे बैला! अडचणीचं विचारलं तर 'सरांना ठाऊक' म्हणायचं!"

"बरं सर."

महिन्याने साहेब पुन्हा आले. "मुलांची दूधपावडर कुठे जाते?"

"सरांना ठाऊक."

"तांदूळ?"

"सरांना ठाऊक. तेल बी सरांनाच ठाऊक."

पुन्हा शेरा. मुलं पोत्यावरच.

सरांनी कपाळ बडवून घेतलं. "आता तोंडच उघडू नकोस! जे कमी पडेल ते शेजारून आण, आणि साहेब गेले की मोजून परत कर."

तिसऱ्या तपासणीला सतरा मुलं कमी पडत होती. शेजारी सरांच्या मेहुण्याची इंग्रजी शाळा होती. महिपतीने तिथून सतरा मुलं आणली. टाय काढून घेतले, बूट तसेच राहिले. साहेबांनी एकाला उठवून धडा वाचायला लावला. त्याने घडाघडा वाचला. साहेब खूश. बूट त्यांना दिसले नाहीत, कारण जेवायला कोंबडी होती. त्यांनी चाळीस मुलं मोजली, 'प्रगती उत्तम' असं लिहिलं आणि ढेकर देऊन सही केली.

साहेब गेले. महिपतीने अंगणातली सतरा मुलं मोजली आणि इंग्रजी शाळेत पोचवली. नेमकी ती होती मजुरांची. इंग्रजी शाळेची मुलं वसतिगृहात पातळ आमटी भात खाऊन पोत्यावर बसली. संध्याकाळी त्यांचे पालक मोटारी घेऊन आले आणि सरांची कॉलर धरली.

"अरे गाढवा!" सर ओरडले. "नुसतं मोजायचं नसतं! नाव बघायचं! ज्याचं नाव असेल त्याच्याच हाती गेलं पाहिजे!"

"आता कळलं सर."

पंधरा दिवसांनी सर तालुक्याला गेले. साहेबांच्या हस्ते त्यांचा 'आदर्श मुख्याध्यापक' म्हणून सत्कार होता. ब्लँकेटं ठेवायला त्यांनी मेहुण्याचं गोदाम रिकामं करून ठेवलं होतं. पण टेम्पो आला तो सरळ शाळेत. ब्लँकेटं चाळीस, सोबत साहेबांच्या सहीची नावांची यादी.

महिपतीने यादी हातात घेतली. एकेक नाव पुकारलं. पोरं पुढे आली, ब्लँकेट घेतलं आणि अंगणातच पांघरून बसली. धाकटी चंद्रकला तर त्यात गुरफटून उभ्याउभ्याच झोपली. त्या शाळेत सरकारी वस्तू मुलांच्या अंगावर पडल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सतरा नावं उरली. महिपतीने गावभर हाका मारल्या. कुणी ओ देईना. त्याने सतरा ब्लँकेटं त्याच टेम्पोत घातली आणि तालुका गाठला.

सभागृह भरलं होतं. सरांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. साहेब माइकवर सांगत होते, "मी स्वतः पाहिलंय, चाळीसच्या चाळीस मुलं हुशार!"

महिपती गठ्ठा डोक्यावर घेऊन व्यासपीठावर चढला. त्याने साहेबांना नमस्कार केला आणि यादी पुढे धरली.

"साहेब, तेवीस पोरांना दिली. ही सतरा काय घावंनात. सरांनी सांगितलंय, ज्याचं नाव त्याच्याच हाती द्यायचं. खाली सही तुमची हाये. तुम्हीच मोजली व्हती न्हवं? मग ती कुठं ठेवलीत, तेवढं सांगा. टेम्पो थांबलाय."