पहिला पेला

अरबांच्या वाळवंटात एकदा एका विहिरीवरून दोन टोळ्यांत वैर पेटले. टोळ्या परक्या नव्हत्या. दोहोंचा मूळपुरुष एकच, लेकी एकमेकांकडे दिलेल्या. उंटांना आधी पाणी कुणी पाजायचे, यावरून दर उन्हाळ्यात कुरबुर होई आणि चार शिव्या, दोन काठ्या यांवर भागे.

त्या वर्षी मात्र समुद्रापलीकडच्या दोन बलाढ्य राज्यांचे दूत तेथे आले. ती राज्ये एकमेकांना पाण्यात पाहत. तथापि समोरासमोर लढण्याची चूक त्यांनी कधी केली नव्हती. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सोय असताना स्वतःचा खांदा कोण दुखवून घेईल? एकाने पूर्वेच्या टोळीला बंदुका दिल्या. ते कळताच दुसऱ्याने पश्चिमेच्या टोळीला अधिक लांब पल्ल्याच्या दिल्या. उन्हाळा सरेपर्यंत विहिरीवर सात माणसे मेली होती.

अखेर दोन्ही टोळ्यांचे शेख एका वृद्ध पंचाच्या तंबूत आले. प्रत्येकाच्या मागे त्याचा दूत, मित्र म्हणून, बसला. पंचाचा शिष्य नायफ कॉफी उकळत होता. तो पूर्वेच्या टोळीतला, आणि त्याची बहीण जवाहिर पश्चिमेच्या टोळीत दिलेली. बोलणी फिसकटली तर उद्या तिच्या नवऱ्यावर तिच्याच भावांना नेम धरावा लागणार होता. नायफचा जीव टांगणीला लागला होता.

पंच म्हणाला, "एक दिवस तुम्ही पाणी पाजा, एक दिवस त्यांना पाजू द्या. मान्य आहे?"

पूर्वेच्या शेखने मागे वळून दूताकडे पाहिले आणि मग उत्तर दिले, "नाही जमायचं."

"मग सकाळ त्यांची, दुपार तुमची?"

आता पश्चिमेच्या शेखने मागे पाहिले. "नाही, काका."

"निदान मेलेल्यांचा शोक संपेपर्यंत बंदुका बांधून ठेवाल?"

या वेळी दोघांनीही मागे पाहिले.

पंचाने नायफला कॉफी द्यायला सांगितले. त्या मुलखात पहिला पेला बैठकीतल्या सर्वांत मानाच्या माणसाला जातो. तो चुकीच्या हाती गेला म्हणून तेथे खंजीर उपसले गेले आहेत. नायफ वडीलधाऱ्या शेखपुढे वाकला, तोच पंच म्हणाला, "त्यांना नको. मागच्या पाहुण्यांना आधी दे."

"बाबा, हे बरं दिसणार नाही," नायफ पुटपुटला.

"ओत."

नायफने भीतभीत पेला एका दूताला दिला, मग दुसऱ्याला. दूत खूश झाले. पुरे असल्यास रिकामा पेला जरासा हलवून परत द्यायचा, ही तिथली रीत. इतके महिने तिथे काढूनही पहिल्या दूताला ती ठाऊक नव्हती. तो पेला नुसताच पुढे धरी, आणि नायफला तो पुन्हा भरावा लागे. तो पाचवा पेला पीत असताना पूर्वेचा शेख ताडकन उभा राहिला. त्याचा हात कमरेच्या खंजिरावर होता.

"काका, आमच्या तंट्यात बोलावून आमचाच अपमान करता?"

पंच शांतपणे म्हणाला, "पहिला पेला ज्याच्या हाती निर्णय असतो त्याला देतात. मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत. मान मी काढून घेतला नाही, तो तुम्हीच मागच्या बाजूला सरकवलात. मी फक्त पेला तिथवर पोचवला. सात माणसं तुमची गेली. यांच्या घरी एकाचाही शोक पाळला गेला नाही. मग हे घाई कशाला करतील?"

मग पश्चिमेचा शेख उठला आणि दुसऱ्या शेखला म्हणाला, "चल, विहिरीवर जाऊन बोलू." बंदुका तंबूच्या खांबाला टेकवून दोघे निघाले. दूतही लगबगीने उठले.

"तुम्ही बसा," पूर्वेचा शेख मागे न बघता म्हणाला. "कॉफी घ्या."

थोड्या वेळाने विहिरीकडून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. नायफ घाबरून पंचाजवळ गेला. "बाबा, समेट होईल ना?"

"ते मला कसं कळणार? पण आता भांडण त्यांचं आहे. स्वतःचं भांडण माणूस दमला की थांबवतो. उसनं भांडण थांबवायला परवानगी लागते."

नायफ तंबूच्या दाराशी येऊन कान देऊन ऐकू लागला. एक शेख दुसऱ्याच्या आजोबाला उंटचोर म्हणत होता, आणि दुसरा त्याला कोणता उंट, कोणत्या साली, असे विचारत होता. कितीतरी महिन्यांनी ते दोघे एकमेकांशी बोलत होते.