न आलेल्यांचे हात

एका राजाला प्रजेसाठी दवाखाना बांधायचा होता. जागा ठरवायचं काम त्याने राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींवर सोपवलं. शास्त्रीबुवांनी दवंडी पिटवली, "ज्या वस्तीत आजारी जास्त, तिथे दवाखाना. आजाऱ्यांनी गडावर येऊन आपली मोजणी करून घ्यावी!"

गडावरच्या पेठेतले लोक सर्दी-पडसं घेऊन लगेच हजर झाले. पायथ्याच्या कातळवाडीतून मात्र एकटी येसूच आली. तिचं तान्हं बाळ तापाने फणफणलं होतं. त्याला सासूच्या मांडीवर ठेवून ती जीव मुठीत धरून गड चढली होती.

शास्त्रीबुवा दरबारात म्हणाले, "महाराज, कातळवाडी ठणठणीत आहे. तिथला एकही आजारी आला नाही. दवाखाना पेठेतच बांधावा."

येसू पुढे झाली. "बुवा, माझं बाळ खाली तापाने फणफणलंय. जे आज आले नाहीत, त्यांना जरा हात वर करायला सांगा की."

"खुळी की काय तू? जे इथे नाहीतच, ते हात कसा वर करतील?"

"मग ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ते गड कसा चढतील, बुवा?"

राजा म्हणाला, "दवाखाना कातळवाडीतच होईल. बुवा, रोज तिथे तुम्हीच बसायचं. आत्ताच उतरा, आधी हिचं बाळ बघा."

शास्त्रीबुवांना घाम फुटला. "रोज एवढा गड चढायचा-उतरायचा? महाराज, धडधाकट माणूस आजारी पडेल हो!"

"आता झाली तुमची मोजणी बरोबर!" असं म्हणून येसूने त्यांची औषधाची पेटी डोक्यावर घेतली आणि ती झपाझप गड उतरू लागलीसुद्धा.