सागाच्या भिंती

त्या राज्यात सगळे जमिनीखाली राहत, आणि दर पावसाळ्यात सगळ्यांची बिळे पाण्याने भरत. याला तिथे रीत म्हणत. बिळे खोदण्याचा मान साळिंदराचा होता. खचलेले बीळ तोच पुन्हा खोदून देई, म्हणून वाटेत तो दिसला की ससे बाजूला होऊन उभे राहत.

पलीकडचे रान जळाले तेव्हा एक शेकरू नदी ओलांडून आली. तिला माळावर राहायची परवानगी मिळाली. उन्मळून पडलेल्या सागाचे जाड ओंडके तिने दातांनी सपाट केले, कडांना खाचा पाडल्या. माळावरच तयार झालेल्या अख्ख्या भिंती मुंगसांनी ओढत खाली वस्तीत आणल्या आणि जमिनीच्या वरच एकमेकींत अडकवल्या. उन्हे कलायच्या आत चिचुंद्रीचे घर उभे राहिले. त्या पावसाळ्यात तिची पिल्ले कोरड्या अंगाने झोपली.

"साळिंदरदादा, बघायला या ना," चिचुंद्री म्हणाली.

साळिंदर गेला. सांध्यावरून पंजा फिरवताना कुठेच काही लागले नाही. घर सुंदर होते, आणि ते त्याला बघवेना. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

पंचांसमोर तो म्हणाला, "लाकूड म्हणजे सरपण. हिचं रान कशानं जळलं, विचारलंत कुणी?"

कुणी विचारले नव्हते. आता सगळेच विचारू लागले. घर पाडायचा हुकूम सुटला.

"पाडू नका," शेकरू म्हणाली. "खालची पाचर काढली की घर आपसूक उकलतं. या, दाखवते."

"तुझ्याकडून शिकायचं आम्ही?" म्हणत साळिंदर एकटाच पुढे झाला.

त्याने सांध्यात काटा खुपसला. फट नव्हतीच, काटा लाकडात रुतून मोडला. त्याने दुसरा खुपसला, मग तिसरा. बघणारे कंटाळून पांगले. पाऊस सुरू झाला तशी चिचुंद्री पिल्लांना घेऊन पुन्हा आत गेली. साळिंदर थांबला तेव्हा त्याच्या अंगावर काटा उरला नव्हता, आणि त्याचे बीळ पाण्याखाली गेले होते.

कुडकुडत तो वेशीवरच्या चौकीच्या आडोशाला आला. पहाऱ्यावरच्या घुशीने त्याचे उघडे, गुलाबी अंग खालून वर न्याहाळले.

"नवा दिसतोस. कुठून आलास?"

साळिंदराने मान वळवली. दूर पावसात चिचुंद्रीचे घर काटे फुलवून, हुबेहूब साळिंदरासारखे बसले होते.