महानंदाचं ताट

“अजून काय सोडू, अप्पा?”

मठाच्या ओसरीवर बसलिंग हात जोडून उभा होता. आवाजात काकुळत होती आणि, खरं सांगायचं तर, थोडी ऐटही. त्याच्याइतकं कडक व्रत पाळणारा शिष्य मठात दुसरा नव्हता. हे त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मागे खांबाला टेकून त्याची बायको महानंदा बसली होती. तिला तिसरा महिना लागला होता. मठाच्या बारा पायऱ्या चढताना तिला दोनदा बसावं लागलं होतं.

मठाचे स्वामी अप्पा शेंगा सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आतापर्यंत काय काय सोडलंस?”

“गूळ सोडला. पालेभाजी सोडली. मटकी, हरभरा, सगळी कडधान्यं सोडली. लेकरू नीट जन्माला यावं म्हणून नवस आहे, अप्पा. पहिली...”

पहिली मुलगी वेळेआधी झाली, दोन ओंजळींत मावेल एवढी. काचेच्या पेटीत अकरा दिवस राहिली आणि गेली.

“डॉक्टरीणबाई काय म्हणतात?”

“रक्त साडेसात आहे म्हणतात. अंगात लोहच नाही. असंच राहिलं तर हेही लेकरू अपुऱ्या दिवसांचं होईल... गोळ्या दिल्यात.”

“मग?”

“नवस फिटेपर्यंत घरात औषध नको म्हटलं मी.”

अप्पांचे हात थांबले. “ही काय जेवते?”

“जेवते की! माझं झालं की माझ्याच ताटातलं उरलेलं. आमच्यात तशी रीतच आहे.”

“आणि तुझ्या ताटात काय असतं?”

“भाकरी, मीठ, ताक...”

बसलिंग अडखळला. मग घाईघाईनं म्हणाला, “पण हिनं काही सोडलेलं नाही, अप्पा. नवस माझा एकट्याचा आहे.”

“पोरी, डोळ्याची खालची पापणी जरा ओढ,” अप्पा म्हणाले. “बसलिंगा, वाकून बघ.”

त्यानं वाकून पाहिलं. पापणीच्या आत लाल असायचं ते पार पांढरं पडलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, पण बायकोच्या डोळ्यांत त्यानं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

...

दुपारी पंगतीची वेळ झाली. अप्पांनी स्वतः ताट वाढलं. राजगिऱ्याची भाजी, मटकीची उसळ, दोन भाकऱ्या, लिंबाची फोड, गुळाचा खडा. आणि ते महानंदापुढे ठेवलं.

ती हात लावेना. “ह्यांचं झाल्याबिगर कसं...”

“आज ह्यांचं मागनं.”

बसलिंगनं होकारार्थी मान हलवली. “जेव. आणि घरी गेल्या गेल्या गोळी घे.”

महानंदानं कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली. गेले आठ दिवस ती पट्टी अशी जवळ बाळगत होती. बसलिंगला याचा पत्ता नव्हता. तो ओशाळला.

ती जेवू लागली. आधी लाजत, मग भुकेल्या माणसासारखी. बसलिंग समोर उभा राहून बघत होता आणि त्याला ते बघवत नव्हतं. चार वर्षांत तिला जेवताना त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

निम्मं जेवण झालं आणि तिचा हात आपोआप थांबला. सवयच ती. उरलेलं ताट तिनं नवऱ्याकडे सरकवलं. “घ्या.”

बसलिंगचे डोळे भरून आले. पण गडी व्रताचा पक्का. लगेच मांडी घालून तो म्हणाला, “अप्पा, आजपासून हाच माझा नेम. हिनं टाकलेलंच मी खाणार!”

त्यानं ताटाकडे हात नेला.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. त्या ताटात अजून कुणीतरी जेवतंय.”