कर्दळीतली परी आणि दौलूची शू

रोपवाटिकेत फुलं रंगीबेरंगी होती, पण हौसाच्या घरात नुसती ओढाताण. आई दिवसभर रोपांना पाणी घालायची आणि हौसा धाकट्या दौलूला सांभाळायची. त्यापायी बिचारीची शाळा बुडायची.

पाळणाघराच्या बाई म्हणाल्या होत्या, "दौलूला खुशाल ठेवा. पण एक तर शू सांगायला शिकवा, नाहीतर रोज डायपर आणा." डायपरचा पुडा आणावा तर घरातल्या भाजीला कात्री! आणि आमचे दौलोबा? शू करून झाल्यावर मोठ्या दिमाखात सांगायचे, "झाली!"

हौसा कधी चिडायची नाही. ओली चड्डी धुवायची, त्याचा पापा घ्यायची आणि म्हणायची, "पुढच्या वेळी आधी सांग हं, राजा."

"ओरडत नाहीस तू त्याला?" एके दिवशी कुणीतरी नाजूक आवाजात विचारलं. हौसा दचकली. केशरी कर्दळीच्या फुलात बोटाएवढी इवलीशी परी बसली होती. मोरपंखी पंख, पोपटी झगा आणि केसांत दवाचे चमचमते थेंब!

"ओरडले तर तो सांगायलाच घाबरेल ना," हौसा म्हणाली.

परी खुदकन हसली. "शहाणी गं माझी बाय! माग, हवा तो वर माग. पण दोन अटी आहेत. या फुलावरचं ऊन सरायच्या आत मागायचं. आणि मागून होईपर्यंत माझ्याकडे पाठ फिरवायची नाही. फिरवलीस की वर गेला!"

ऊन पाकळीच्या टोकाशी आलं होतं. हौसाने मनात ठरवलंच होतं : कधीही न संपणारा डायपरचा पुडा. मग रोज शाळा! "परीताई, मला..."

तेवढ्यात तिचा फ्रॉक कुणीतरी ओढला. गुडघे घट्ट आवळून, लालबुंद तोंडाने दौलू उभा होता.

"ताई, शू आली!"

आणि चड्डी कोरडी! अगदी कोरडी!

एका वाक्याचं तर काम होतं. पण दौलूने आयुष्यात पहिल्यांदा आधी सांगितलं होतं, त्याला थांब कसं म्हणायचं? तिने परीकडे पाठ फिरवली, दौलूला उचललं आणि पेरूच्या झाडामागे पळाली. विटेवर बसून, आई करते तसं, तिने त्याला आपल्या दोन्ही पावलांवर बसवलं. "शूऽऽ, शूऽऽ..."

उन्हात चमचमत धार सुटली. दौलू डोळे विस्फारून बघतच राहिला. मग टाळ्या पिटत ओरडला, "माझी शू!"

"शाब्बास रे माझ्या वाघा!" हौसाला अभिमानाने हसावं की रडावं कळेना. पाय भिजले होते, पण त्याचं कुणाला काय!

परतली तेव्हा फुलावर ऊन नव्हतं. "वर गेला ना, परीताई?" तिचे डोळे भरून आले.

"गेला. अट म्हणजे अट," परी म्हणाली. "पण बक्षीस द्यायला अट नसते." तिने टिचकी वाजवली. कर्दळीच्या पानावर दौलूच्या मापाच्या इवल्या इवल्या चड्ड्या अवतरल्या. पिवळी, गुलाबी, जांभळी, सगळ्या लुकलुकत्या! मग सोनेरी उजेड दाटला आणि त्यात परी हसत हसत विरून गेली.

दौलू नंतरही दोन-चारदा चुकला, पण त्या झगमगत्या चड्ड्या भिजवणं त्याच्या जिवावर यायचं. लवकरच तो न चुकता सांगू लागला.

एका सकाळी पाळणाघराच्या दारात बाईंनी विचारलं, "डायपर कुठेत?"

दौलूने सदरा वर करून आपली गुलाबी चड्डी दाखवली. पाठीवर दप्तर अडकवलेल्या हौसाने मान ताठ केली आणि म्हणाली, "डायपर नाही लागत, बाई. आमचा दौलू सांगतो!"