म्हाळूचा खांदा

ऐकताय ना? आमच्या खडकदऱ्यात बाळ दूध प्यालं की आई गरम भाकरी खायला बसते आणि बाप बाळाला खांद्यावर घेऊन टेकडीकडे चालू लागतो. असं का, ते ठाऊक आहे तुम्हाला?

फार वर्षांपूर्वी, टेकडीवर वाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पारू नावाच्या सुनेचं तान्हं बाळ प्यायलेलं सगळं दूध बाहेर काढायचं. झोळीत घातलं की पाठ ताणून रडायचं. भूक लागली असेल म्हणून घरची माणसं पुन्हा पाजायला लावत, लगेच झोळीत निजवत आणि जोरजोरात झोके देत. दृष्ट काढली, काळा दोरा बांधला. बाळ वाळतच चाललं.

शेवटी सासू म्हणाली, "तुझं दूधच बाधतंय गं त्याला. उद्या सकाळी गाडी जुंपायला सांगते. माझ्या भाचीला पितं मूल आहे, तिच्याकडेच वाढू दे."

पारू पदर तोंडाशी धरून अंगणात बसली.

तेव्हा गावच्या शेतांत म्हाळू धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. दुपारी तो ताक मागायला दारात आला आणि रडणं ऐकून थबकला.

"लेकरू द्या बघू इकडं."

"मेंढरं हाकायची सोडून पोरं खेळवतोस होय?" सासू म्हणाली.

"कोकरू काय अन् लेकरू काय, म्हातारे! पोट भरल्यावर आडवं केलं, की उलटतंय."

"म्हातारी असेल तुझी बायको!"

म्हाळू हसला. "पोरी, थोडंच पाज. मग घेतो मी."

पारूनं पाजलं. म्हाळूनं खांद्यावर मऊ लुगडं टाकलं, बाळाला उभं धरलं आणि पाठीवरून हात फिरवत टेकडीकडे निघाला. असं म्हणतात, की त्याच्या सगळ्या मेंढ्या मागोमाग निघाल्या आणि एकीच्याही गळ्यातली घंटा वाजली नाही. असं म्हणतात, की बाळाला ढेकर येऊन डोळा लागेपर्यंत सूर्य टेकडीवरच थांबला होता. म्हाळूची पावलं पडली तिथं पुन्हा गवत उगवलं नाही. तीच आजची वाट.

म्हाळू झोपलेलं बाळ घेऊन परतला, तोवर पारू भाकरी खाऊन भिंतीला टेकून झोपली होती. कितीतरी दिवसांनी.

म्हाळू पुढच्या गावाला गेला तो परत दिसला नाही. पण त्याच्या नावानं आमच्याकडे बाप बाळाला त्या वाटेवर नेतात. माझी लेकही तिथंच शांत व्हायची. मी भाकरी खाता खाता म्हाळूला हात जोडायची.

आणि त्या बाळाचं काय झालं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं जुंपलेली गाडी सोडायला लावली, आणि बाळ पारूच्याच पदराखाली दूध प्यालं.