जावईबापूंचा दिवा

इनामदार मल्हाररावांचा रेडिओ बिघडला, आणि आळ आला मोलकरीण हौसावर!

रोज संध्याकाळी सात वाजता सरकार आरामखुर्चीत बसून रेडिओवर नाट्यगीतं ऐकायचे. तेवढा वेळ घरात माशीनंही पंख हलवायचे नाहीत, असा दंडक. पण दिवाळीपासून भलतंच सुरू झालं. गवयानं तान घेतली रे घेतली की रेडिओ आपला खर्रर्र! दारावरची बिनतारी बेलसुद्धा मुकी झाली. पाहुणे बटण दाबून दाबून दमायचे आणि शेवटी हाका मारायचे.

"हौसा! तूच ओल्या फडक्यानं रेडिओ पुसलास!" सरकार गरजले.

"बारा वर्षं झाली, कोरड्या फडक्यानंच पुसते, सरकार."

"वर तोंड करून बोलतेस? उद्या सातला रेडिओ सरळ गायला पाहिजे. आणि खबरदार त्याला बोट लावलंस तर! नाही जमलं, तर गाठोडं बांध आणि चालू लाग!"

आता घ्या! हात न लावता रेडिओ दुरुस्त करायचा! परसातली एक खोली आणि हे काम, याखेरीज हौसाला दुसरा आधार नव्हता. रडू आलं तिला, खोटं कशाला सांगू? पण पदरानं डोळे पुसून ती उठली, कारण रोगाचं मूळ तिला ठाऊक होतं.

दिवाळसणाला आलेल्या जावईबापूंनी दिवाणखान्यातल्या माशांच्या काचेच्या पेटीवर एक निळा-जांभळा झगझगीत दिवा बसवून दिला होता. तो रोज साडेसहाला आपोआप लागायचा. एकदा पेटी धुवायला काढली तेव्हा दिवा बंद होता, आणि त्या संध्याकाळी रेडिओ कसा खणखणीत गायला! हौसानं ते बरोबर हेरलं होतं. शिदू वायरमनलाही कळलं होतं. तीनदा येऊन त्यानं रेडिओ उघडला, झाकला आणि मान हलवत निघून गेला.

"मग सांगत का नाहीस रे सरकारांना?" हौसानं त्याला गाठून विचारलं.

"मला पोरंबाळं हायेत, हौसाक्का! त्या दिव्याच्या डबीतनं असली गडबड बाहेर पडती की रेडिओला गाण्याऐवजी तीच ऐकू येती. पण जावयाच्या वस्तूला नावं कोण ठेवणार? तू ठेव!"

खरंच होतं त्याचं. इनामदारांच्या घरात एक वेळ देवाला नावं ठेवलेली चालतील, जावयाला नाही!

दुसरा दिवस गुरुवार. दर गुरुवारी मल्हारराव दिवाणखान्यात पंचांसोबत बसून गावातली भांडणं सोडवत. त्यांची एक ठरलेली रीत होती. संशय असेल त्यांना एकेक करून बाहेर पाठवायचं आणि साक्षीदाराला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. ज्याच्या माघारी साक्षीदार मोकळा बोलेल, तो गुन्हेगार! बारा वर्षं चहा देता देता हौसानं ही रीत पाठ केली होती.

त्या दिवशी निवाडे संपले, पंच चहा पीत बसले आणि घड्याळात सात वाजले. सरकारांनी रेडिओ लावला. खर्रर्र!

"बांध गाठोडं!" सरकार म्हणाले.

"बांधते की! पण आधी माझाही न्याय करा, सरकार. तुमच्याच रीतीनं. साक्षीदार हा रेडिओ. संशयितांना एकेक करून बाहेर पाठवा. पहिली मी!"

पंचांनी माना डोलावल्या. आता सरकार नाही कसं म्हणणार? हौसा अंगणात जाऊन उभी राहिली. रेडिओ खर्रर्र!

"मी सुटले!" ती तिथूनच ओरडली. "आता पंख्याला पाठवा!"

सरकारांनी पंखा बंद केला. खर्रर्र! फ्रिज बंद केला. खर्रर्र! टीव्हीची पिन काढली, दिवाणखान्यातला दिवा घालवला. रेडिओ काही ऐकेना. सरकारांना घाम फुटला, आणि पंखाही बंद! उरली ती फक्त निळी-जांभळी पेटी. आत मासे खुशाल फिरत होते.

"सरकार, एक राहिलाय," हौसा दारातून म्हणाली.

"तो जावईबापूंचा दिवा आहे!"

"मागल्या गुरुवारी बांधाच्या भांडणात तुमचा सख्खा पुतण्या होता. तेव्हा काय म्हणालात? न्यायाला नातं नसतं!"

पंच मिशीतल्या मिशीत हसले. सरकारांनी नाइलाजानं बटण दाबलं आणि गवई असा गायला लागला, की शेजारच्या खोलीतल्या बाईसाहेबांनी "वा!" म्हटलं. हौसाचा जीव भांड्यात पडला.

पण मल्हारराव म्हणजे हट्टाचा पुतळा! ते म्हणाले, "थांब! हा दिवा पेटीवरून काढला, तर जावई रुसणार. ठेवला, तर गाणं जाणार. आणि संक्रांतीला ते पुन्हा यायचेत. दिवा काढायचा नाही, जावयाचा मान जाता कामा नये, आणि रोज सातला मला गाणं हवं. सांग उपाय! नाहीतर गाठोडं तुझंच!"

पंच कपाळाला हात लावून बसले. हौसानं मात्र पदर खोचला.

"सरकार, जावई किती का लाडके असेनात, रोज सासरी राहतात का?"

"छे! सणावारी येतात. चार दिवस मान घेतात आणि आपल्या घरी जातात."

"मग दिव्यालाही जावयासारखंच वागवा की! सणाला ते आले की लावायचा, सगळ्यांनी कौतुक करायचं. ते गेले की बंद! अहो, खुद्द जावई रोज इथं राहायला लागले, तर तुम्हाला सुखानं गाणं ऐकू येईल का?"

आतून बाईसाहेबांचं खुदकन हसू आलं, आणि मल्हारराव असे खदखदून हसले की आरामखुर्ची कुरकुरायला लागली.

"हरलो गं बाई!" डोळे पुसत ते म्हणाले. "परसातली खोली आजपासून तुझ्या नावावर. आणि पुढच्या गुरुवारपासून चहा दुसरं कुणी देईल. तू इथं बसायचं, पंचांच्या ओळीत!"